विजेची वाट

बीड जिल्ह्याच्या दक्षिण भागात बालाघाटच्या डोंगररांगा पसरल्या आहेत आणि उत्तर सीमेवरून गोदावरी वाहते. डोंगर व नदी यांच्यामधला हा मुलूख पर्जन्यछायेचा आहे. पाऊस वेळेवर झाला, तर कापूस, बाजरी आणि तूर यांनी शिवार भरून जाते. पाऊस रुसला, तर टँकरची वाट पाहणाऱ्या घागरींच्या रांगा गावोगावी लागतात. याच जिल्ह्यात परळी वैजनाथ हे प्राचीन तीर्थक्षेत्र आहे. भाविक तेथे ज्योतिर्लिंगाच्या दर्शनास येतात. परंतु परळीची आणखी एक ओळख आहे. तेथे औष्णिक विद्युतकेंद्र असून 1971 साली तेथे वीजनिर्मितीस प्रारंभ झाला.

या केंद्रात कोळसा जाळून पाण्याची वाफ करतात. वाफेच्या प्रचंड दाबाने टर्बाइनची चाके फिरतात, चाकांबरोबर जनित्र फिरते आणि जनित्रातून वीज निर्माण होते. जुने संच काळाच्या ओघात बंद झाले. पुढे तेथे प्रत्येकी 250 मेगावॅट क्षमतेचे तीन नवे संच उभे राहिले. 250 मेगावॅट म्हणजे 25 कोटी वॅट. घरातील 10 वॅटचे अडीच कोटी दिवे एकाच वेळी पेटविण्याचे सामर्थ्य अशा एका संचात असते. मात्र एवढ्या बलाढ्य यंत्रालाही पाण्यावाचून चालत नाही. वाफ करण्यास पाणी हवे आणि वापरलेली वाफ थंड करण्यासही पाणी हवे. 2013 साली आणि पुन्हा 2015 साली टंचाईमुळे पाणी मिळेनासे झाले, तेव्हा परळीचे केंद्र बंद ठेवावे लागले. कोळसा होता, यंत्रे होती, माणसेही होती. पाणी आटले आणि वीज थांबली.

पाणी आणि वीज यांचे नाते असे जवळचे आहे. ज्या जिल्ह्याने हे नाते डोळ्यांनी पाहिले, त्या जिल्ह्यातील मुलांना विज्ञानस्पर्धेसाठी विषय शोधण्यास दूर जावे लागत नाही.

महाराष्ट्रातील शाळकरी मुलांना विज्ञानातील आपली बुद्धी अजमावण्याची संधी अनेक प्रकारे मिळते. शाळांतील निवडक प्रतिकृती तालुक्याच्या विज्ञान प्रदर्शनात मांडल्या जातात. तेथून निवड झालेल्या प्रतिकृती जिल्ह्याच्या आणि त्यानंतर राज्याच्या प्रदर्शनात जातात. डॉ. होमी भाभा बालवैज्ञानिक स्पर्धा 1981 सालापासून होत आली आहे. सहावी आणि नववीच्या विद्यार्थ्यांसाठी असलेल्या या स्पर्धेत केवळ लेखी परीक्षेवर काम भागत नाही. प्रयोग करून दाखवावे लागतात, प्रकल्प करावा लागतो आणि मुलाखतही द्यावी लागते. केंद्र शासनाच्या ‘इन्स्पायर मानक’ योजनेत विद्यार्थ्याची नवी कल्पना निवडली गेली, तर ती प्रत्यक्षात आणण्यासाठी त्याला 10,000 रुपये मिळतात.

या सर्व ठिकाणी विद्युतमंडलांवरील प्रतिकृती हमखास दिसतात. विद्युतमंडलाला परिपथ असेही म्हणतात. दिवे लुकलुकतात, घंटा वाजतात, लहान पंखे गरगरतात आणि पाहणाऱ्यांची गर्दी जमते. पण परीक्षक जवळ येऊन विचारतात, “ही तार येथेच का जोडली?” आणि पुष्कळदा त्या एका प्रश्नापाशी सारा झगमगाट फिका पडतो. प्रतिकृती बाजारातून विकत आणता येते. उत्तर विकत आणता येत नाही. म्हणून विद्युतमंडलाच्या स्पर्धेची खरी तयारी म्हणजे तारा जोडण्याची नव्हे, तर प्रत्येक तारेचे कारण जाणण्याची तयारी होय.

समजा, जिल्ह्यातील एखाद्या खेड्याच्या शाळेत सातवीतील चार मुलामुलींचा गट अशी तयारी करू लागला आहे. त्याने प्रथम काय करावे? प्रथम सामान गोळा करू नये. प्रथम एक खरी अडचण शोधावी. शाळेच्या गच्चीवर प्लास्टिकची टाकी असते. विंधन विहिरीवरील पंप सुरू केला, की टाकी भरू लागते. ती केव्हा भरली हे खाली असणाऱ्यास समजत नाही. पाणी भिंतीवरून ओघळू लागले, की कोणीतरी ओरडते आणि मग धावपळ होते. अडचण साधी आहे, पण ती मोजून पाहावी. पंपाच्या पाण्याने 20 लिटरची बादली एका मिनिटात भरत असेल, तर पाव तास टाकी वाहत राहिल्यास 300 लिटर पाणी वाया जाते. पंप सुमारे एक किलोवॅट शक्ती घेत असेल, तर त्याच पाव तासात पाव युनिट वीजही फुकट जाते. ज्या गावात उन्हाळ्यात घागरींची रांग लागते, त्या गावात 300 लिटर पाणी ही लहान गोष्ट नव्हे. तेव्हा टाकी भरताच इशारा देणारे विद्युतमंडल तयार करावे, असे या गटाने ठरविले.

आता विद्युतमंडल म्हणजे काय, हे नीट समजून घेतले पाहिजे. त्यासाठी बीड शहराजवळची खजाना विहीर उपयोगी पडते. सोळाव्या शतकात, अहमदनगरच्या निजामशाहीच्या काळात ही विहीर बांधली गेली. तिचे पाणी जमिनीखालच्या कालव्यातून शेतांकडे नेलेले आहे. तेथे मोट नाही, पंप नाही. केवळ उताराच्या बळावर पाणी वाहत जाते. उतार नसता, तर विहीर तुडुंब असूनही पाणी जागचे हलले नसते. विजेचेही असेच आहे. विद्युतघटाच्या दोन टोकांमध्ये एक प्रकारचा विद्युत-उतार असतो. त्याला विभवांतर म्हणतात. ते व्होल्टमध्ये मोजतात. भिंतीवरच्या घड्याळात घालतात त्या लहान घटाचे विभवांतर सुमारे 1.5 व्होल्ट असते. या उतारामुळे तारेतून विद्युतप्रवाह वाहतो. प्रवाह अँपिअरमध्ये मोजतात. पाण्याच्या वाटेत गाळ व दगड आले, की प्रवाह मंदावतो. त्याप्रमाणे विजेच्या वाटेत जो अडथळा असतो, त्याला रोध म्हणतात. रोध ओहममध्ये मोजतात.

परंतु पाणी आणि वीज यांत एक मोठा भेद आहे. विहिरीचे पाणी शेतात मुरले, तरी ते वाहत राहते. त्याला विहिरीकडे परतावे लागत नाही. विजेला मात्र जायची वाट हवी आणि परतीचीही वाट हवी. घटाच्या धन टोकापासून निघून दिव्यातून जाऊन ऋण टोकापर्यंत परत येणारी अखंड वाट असेल, तरच प्रवाह वाहतो. प्रवाहाची दिशा अशी धन टोकाकडून ऋण टोकाकडे मानण्याचा प्रघात आहे. प्रत्यक्षात तारेतील इलेक्ट्रॉन उलट दिशेने सरकत असतात. ही वाट केसभर जागी जरी तुटली, तरी सारे मंडल थांबते. अर्धे मंडल म्हणजे अर्धा प्रकाश नव्हे. अर्धे मंडल म्हणजे पूर्ण अंधार. कळ म्हणजे दुसरे तिसरे काही नसून, ही वाट आपल्या इच्छेनुसार तोडण्याची व जोडण्याची सोय होय.

तयारीचा पहिला प्रयोग अगदी साधा असावा. दोन घट, एक छोटा दिवा आणि तीन तारा घेऊन मंडल जोडावे. मात्र दोन तारांची टोके एका ठिकाणी मोकळी ठेवावीत. त्या मोकळ्या जागेत निरनिराळ्या वस्तू ठेवून पाहाव्यात. नाणे, खिळा व तांब्याची तार ठेवली असता दिवा लागतो, कारण हे पदार्थ विजेचे सुवाहक आहेत. सुतळी, लाकूड, काच व रबर ठेवले असता दिवा लागत नाही. ते दुर्वाहक आहेत. पेन्सिलीतील काळी कांडी मोठी गमतीची आहे. ती ग्राफाइटची असते. ग्राफाइट धातू नसूनही त्यातून वीज वाहते. मात्र कांडीतील अंतर जसजसे वाढवावे, तसतसा दिवा मंद होत जातो. वाट लांबली, की रोध वाढतो, ही मोठी गोष्ट ही लहानशी कांडी शिकविते.

हीच गोष्ट नेमकेपणाने शोधून काढणारा संशोधक मूळचा एक शिक्षक होता. जॉर्ज सायमन ओहम हा 1789 साली जर्मनीत जन्मला आणि कोलोन येथील शाळेत गणित व पदार्थविज्ञान शिकवीत असे. इटलीतील अलेस्सांद्रो व्होल्टा याने 1800 साली पहिली विद्युत-घटमाला जगापुढे मांडली होती. परंतु अशा घटमालेचा जोर एकसारखा टिकत नसे. ओहमची मापे त्यामुळे चुकू लागली. तो निराश होऊन थांबला नाही, किंवा मापे जुळविण्यासाठी आकडेही बदलले नाहीत. त्याने वीज मिळविण्याचे साधनच बदलले. तांबे व बिस्मथ या धातूंच्या दोन सांध्यांपैकी एक उकळत्या पाण्याने तापवून आणि दुसरा बर्फात ठेवून त्याने स्थिर प्रवाह मिळविला. मग निरनिराळ्या लांबीच्या तारा जोडून त्याने प्रत्येक वेळी प्रवाह मोजला. 1827 साली त्याने आपले निष्कर्ष ग्रंथरूपाने प्रसिद्ध केले. प्रारंभी त्याच्या कामाचे फारसे स्वागत झाले नाही. पुढे 1841 साली लंडनच्या रॉयल सोसायटीने कोपली पदक देऊन त्याचा गौरव केला आणि कालांतराने रोधाच्या एककालाच त्याचे नाव मिळाले. विभवांतराला रोधाने भागले, की प्रवाह मिळतो, हा ओहमचा नियम आज शाळेतील प्रत्येक मूल शिकते.

आपल्या गटालाही हा नियम लागलीच उपयोगी पडतो. टाकीच्या इशाऱ्यासाठी त्यांनी तांबड्या रंगाचा एलईडी दिवा निवडला. 1.5 व्होल्टचे दोन घट एकापुढे एक जोडले, की 3 व्होल्ट मिळतात. तांबड्या एलईडी दिव्याला सुमारे 2 व्होल्ट पुरतात. तो घटांना सरळ जोडला, तर त्यातून प्रमाणाबाहेर प्रवाह जाऊन तो बिघडण्याचा संभव असतो. म्हणून त्याच्या वाटेत एक रोधक बसवावा लागतो. 3 व्होल्टपैकी 2 दिव्यासाठी गेले, उरला 1 व्होल्ट. रोधक 100 ओहमचा घेतला, तर 1 भागिले 100, म्हणजे 0.01 अँपिअर प्रवाह वाहील. लहान दिव्यास तो पुरेसा आहे. “हा रोधक 100 ओहमचाच का?” असे कोणी विचारले, तर आता या मुलांपाशी उत्तर आहे. एलईडी दिव्याची आणखी एक खोड असते. तो एकाच दिशेने प्रवाह जाऊ देतो. त्याचा लांब पाय धन टोकाकडे आला पाहिजे; उलटा जोडला, तर तो लागणारच नाही.

दिव्याबरोबर आवाजही हवा, म्हणून गटाने 3 व्होल्टवर चालणारा एक लहान बझर घेतला. कळीच्या जागी दोन उघड्या तारा टाकीत सोडाव्यात. पाणी चढले, की ते दोन तारांना जोडील आणि बझर वाजेल, अशी त्यांची पहिली कल्पना होती. पाण्यातून वीज वाहते, हे सर्वांनी ऐकलेलेच होते. बादलीत प्रयोग केला, तेव्हा बझर गप्प राहिला आणि दिवा जेमतेम दिसेल इतका मिणमिणला. पाण्यातून वीज वाहते हे खरे. पण साध्या पाण्याचा रोध तारेच्या रोधापेक्षा कितीतरी पटींनी अधिक असतो. पाण्यात चमचाभर मीठ टाकताच दिवा उजळला. मिठाचे पाण्यात आयन होतात आणि ते विद्युतप्रवाह वाहून नेतात. पण पिण्याच्या पाण्यात कोणी मीठ कालवीत नाही! शिवाय थोड्या वेळाने तारांच्या टोकांवर बुडबुडे आले आणि तांब्याचा रंग बदलू लागला. विजेमुळे पाण्यात रासायनिक क्रिया घडत होती. अशा तारा पाण्यात ठेवल्या, तर त्या झिजतील आणि पाणीही दूषित होईल.

पहिली कल्पना अशा रीतीने फसली. पण तो दिवस फुकट गेला नाही. वीज पाण्यात नेण्याऐवजी पाण्याच्या वर कोरडीच ठेवावी, हा विचार त्या अपयशातूनच निघाला. गटाने घट्ट झाकणाची एक रिकामी बाटली तरंगक म्हणून घेतली आणि तिच्यावर एक हलकी काडी उभी बसविली. टाकीच्या झाकणातून काडी सरळ वर यावी, म्हणून तेथे लहान नळी बसविली. काडीच्या माथ्यावर पितळेची एक पट्टी लावली आणि तिच्या वर, थोड्या अंतरावर, दोन स्थिर पट्ट्या शेजारी शेजारी बसविल्या. पाणी चढले, की बाटली वर उचलली जाते. काडीवरची पट्टी वरच्या दोन पट्ट्यांना एकदम टेकते आणि तुटलेली वाट जोडली जाते. पाणी हेच आता कळ दाबणारा हात झाले; वीज मात्र पाण्याला शिवतही नाही.

इतके झाल्यावर दिवा आणि बझर मंडलात घातले, तरी बझर वाजेना. येथे जोडणीचा प्रकार तपासणे आवश्यक होते. मुलांनी रोधक, दिवा व बझर एकापाठोपाठ एक जोडले होते. अशा जोडणीस एकसर जोडणी म्हणतात. या जोडणीत घटांचे विभवांतर सर्वांत वाटले जाते. दिव्यानेच 2 व्होल्ट घेतल्यावर बझरच्या वाट्यास वाजण्याइतके विभवांतर उरत नव्हते. मग त्यांनी दिवा व त्याचा रोधक यांची एक शाखा केली आणि बझरची दुसरी शाखा करून दोन्ही शाखा घटांच्या त्याच दोन टोकांमध्ये जोडल्या. ही समांतर जोडणी होय. आता प्रत्येक शाखेला पूर्ण 3 व्होल्ट मिळू लागले. दिवा लागला आणि बझरही खणखणीत वाजला. समांतर जोडणीचा आणखी एक लाभ असा, की एक शाखा तुटली, तरी दुसरी चालू राहते. घरातील दिवे आणि पंखे याच रीतीने जोडलेले असतात. म्हणून स्वयंपाकघरातील दिवा गेला, तरी माजघर अंधारात बुडत नाही.

मंडल चालेनासे झाले, की अधीर माणूस सर्व तारा एकदम उपटतो आणि पुन्हा जोडू लागतो. मग दोष गेला, तरी तो कोठे होता हे कळत नाही. दोष शोधण्याची एक शिस्त आहे. प्रथम घट तपासावेत. मग दिव्याची दिशा पाहावी. त्यानंतर प्रत्येक सांधा हलक्या हाताने हलवून पाहावा. पट्ट्यांवर काळपटपणा आला असेल, तर काचकागदाने घासावे, कारण गंजाचा पातळ थर देखील वाट अडवितो. तारेच्या आवरणाच्या आत ती तुटलेली असण्याची शंका आली, तर दुसरी तार लावून पाहावी. एका वेळी एकच गोष्ट बदलावी आणि काय घडले ते लिहून ठेवावे. दोन गोष्टी एकदम बदलल्या, तर यशाचे श्रेय कोणाला द्यावे हे समजत नाही.

प्रतिकृती चालू लागली म्हणजे तयारी संपली, असे मात्र नाही. बादलीत पाणी दहा वेळा चढवून व उतरवून पाहावे. इशारा किती वेळा मिळाला, किती वेळा चुकला, हे मोजावे. दहांपैकी आठ वेळा बझर वाजला असेल, तर आठच लिहावे. उरलेल्या दोन वेळा काडी नळीत अडकली, की पट्टी तिरकी झाली, याचा शोध घ्यावा. हा शोध घेतला, तर पुढच्या दहांत नऊ किंवा दहा आकडा येईल, आणि तो आकडा खरा असेल.

या तयारीत एक प्रश्न असा आहे, की तो सुचणे हेच मोठे यश होय. बझर वाजला, म्हणजे टाकी भरली. पण बझर वाजला नाही, तर? टाकी भरलेली नसेल, किंवा घट संपलेले असतील! एकाच शांततेचे दोन अर्थ होतात आणि त्यांतील दुसरा अर्थ फसवा आहे. घरातील माणूस निश्चिंत बसेल आणि पाणी वाहत राहील. यावर उपाय साधा आहे. पट्ट्यांना समांतर अशी एक लहान कळ जोडावी. पंप सुरू करण्यापूर्वी ती क्षणभर दाबावी. दिवा लागला व बझर वाजला, तर घट, दिवा, बझर आणि मुख्य तारा शाबूत आहेत, असे समजावे. मात्र ही कळ पट्ट्यांची परीक्षा करीत नाही. त्यासाठी अधूनमधून मोठ्या माणसाला सांगून काडी हाताने उचलून पाहावी लागते. आपले यंत्र काय करू शकते याबरोबरच ते काय करू शकत नाही, हेही जो सांगू शकतो, त्याला आपले यंत्र खरोखर समजले आहे, असे म्हणता येईल.

बीड जिल्ह्यात अशा तयारीला आणखी एक अडचण येते. दिवाळीच्या सुमारास येथील असंख्य कुटुंबे ऊसतोडीसाठी पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात जातात. काही मुले आजी-आजोबांजवळ किंवा वसतिगृहात राहतात. काहींना आईवडिलांबरोबर जावे लागते. गटातील एक मुलगी, जिने तरंगकाची सारी मापे घेतली होती, ती एके दिवशी शाळेत आली नाही, तर काम थांबावे काय? ते थांबू नये, म्हणूनच प्रयोगवही असते. वहीत दिनांक घालून प्रत्येक प्रयोग, प्रत्येक आकृती, प्रत्येक माप आणि प्रत्येक चूक लिहावी. काडीची लांबी किती, पट्ट्यांमधील अंतर किती, कोणत्या तारखेला काय बदलले, हे इतके स्पष्ट असावे, की वही हाती घेणाऱ्या दुसऱ्या मुलास तेथून पुढे जाता यावे. ती मुलगी परत आली, म्हणजे तिलाही वही वाचून आपल्या मागे काय घडले ते कळावे. तिचे नावही गटाच्या नावांत राहावे. कारण तिने घेतलेल्या मापांवरच पुढचे काम उभे असते.

या सर्व प्रयोगांत सावधगिरी हा पहिला नियम आहे. घरातील वीज 230 व्होल्टची असते; तिचा धक्का प्राणघातक ठरू शकतो. म्हणून शाळकरी प्रयोग घटांवरच करावेत. भिंतीवरील खोबणीत तारा कधीही घालू नयेत. ओल्या हाताने कोणत्याही विद्युत उपकरणास स्पर्श करू नये. घटाची दोन टोके नुसत्या तारेने जोडू नयेत. वाटेत रोध नसल्यामुळे प्रवाह अतिशय वाढतो, तार व घट तापतात आणि हात भाजतो. घट फोडून पाहू नये. चाचणी बादलीत करावी. टाकीवर चढण्याचे काम मोठ्या माणसांवर सोपवावे. पंपाची कळही त्यांनीच चालवावी.

स्पर्धेच्या दिवशी परीक्षक प्रश्न विचारतील. रोधक का लावला? समांतर जोडणी का केली? टाकी दूर असली तर? या शेवटच्या प्रश्नाचे उत्तर असे, की तार लांबली म्हणजे रोध वाढेल, हे पेन्सिलीच्या कांडीने दाखविलेच आहे. पण तांब्याच्या तारेचा रोध फार थोडा असल्याने एका घराच्या उंचीने बझर गप्प बसणार नाही. एखाद्या प्रश्नाचे उत्तर आले नाही, तर “हे आम्ही अजून करून पाहिलेले नाही” असे सांगण्यात कमीपणा नाही. प्रयोग न करता दिलेल्या उत्तरापेक्षा हे उत्तर विज्ञानाला अधिक मानवते. शेजारच्या टेबलावर कदाचित पन्नास दिव्यांची शोभिवंत प्रतिकृती असेल. बक्षीस तिला मिळेल किंवा यांना मिळेल. ते परीक्षकांच्या हाती आहे. पण प्रदर्शन संपल्यावर पन्नास दिव्यांची प्रतिकृती कपाटावर जाईल आणि तरंगकाची काडी शाळेच्या टाकीवर बसेल.

त्यानंतर रोज सकाळी पंप सुरू होईल. टाकी काठोकाठ भरेल. खाली एक लहानसा तांबडा दिवा लागेल, बझर वाजेल आणि कोणीतरी लगबगीने जाऊन पंप बंद करील. भिंतीवरून ओघळणारे पाणी टाकीतच राहील, आणि वाया जाणारी पाव युनिट वीजही वाचेल. परळीच्या केंद्राला जे पाणी लागते, ज्या पाण्यासाठी शेत तहानलेले असते आणि ज्या पाण्यासाठी घागरी रांगेत उभ्या असतात, त्याचाच तो एक अंश असेल. पाणी, वीज आणि माणूस हेही एक मंडलच आहे. त्याची वाट कोठेही तुटली, तरी अंधार सर्वांच्याच वाट्यास येतो. आणि ती कोठे तुटली आहे हे धीराने शोधून जोडण्याचे काम सातवीतील मुलेदेखील करू शकतात.